नैरोबी की आदिस अबाबा?

हाताशी मोजकेच दिवस आणि संस्कृतीही हवी, प्राणीही हवेत, तर केनिया आणि इथिओपियाच्या या दोन राजधान्यांपैकी कोणतं शहर निवडावं?

प्राण्यांच्या बाबतीत नैरोबी निर्विवाद पुढे. 1946 साली स्थापन झालेलं, सुमारे 117 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान शहराला खेटूनच आहे. पहाटे निघालात तर गेंडे, जिराफ आणि नशिबात असेल तर सिंह, तेही मागे इमारती दिसत असताना. मोकळे हत्ती मात्र इथे नाहीत. अनाथ पिल्लं शेल्ड्रिक केंद्रात भेटतात. आदिसहून गेलाडा माकडं पाहायला डेब्रे लिबानोसपर्यंत शंभरेक किलोमीटर जावं लागतं.

संस्कृतीत मला आदिस जास्त भावतं. 32 लाख वर्षांपूर्वीची 'लुसी' (मानवाच्या पूर्वजाचा जीवाश्म सांगाडा), सम्राट हाइले सेलासींची समाधी असलेलं होली ट्रिनिटी कॅथेड्रल, कॉफीचा साग्रसंगीत सोहळा! शाकाहारींनी 'बेयायनेतू' मागावं: इंजेरावर (आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळीवर) वाढलेल्या डाळी-भाज्या, तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या दिवशी हमखास मिळतात. नैरोबीतही भारतीय जेवण सहज मिळतं.

खर्चात उद्यानाचं शुल्क आणि गाडी यांमुळे नैरोबी महाग. आदिसची उंची 2,300 मीटरच्या वर, पहिल्या दिवशी दम लागू शकतो. पिवळ्या तापाची लस दोन्हीकडे जाण्याआधी घ्याच. भारतात परतताना दाखला मागतात.

मुलं सोबत असतील, तर नैरोबी. इतिहास आणि खाण्यात रमणाऱ्यांनी आदिस गाठावं.