नोकरी-संसार सांभाळून पदवी: तालुक्याचं कॉलेज, मुक्त विद्यापीठ की इग्नू?

खानदेशात हा प्रश्न घेऊन येणारी माणसं ओळखीची असतात. बारावीनंतर शिक्षण सुटलेला, भुसावळला रेल्वेत किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत लागलेला कामगार. मुख्यसेविकेच्या जागेला पदवी लागते म्हणून पुन्हा पुस्तक हातात घेणारी अंगणवाडी सेविका. जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात शिफ्ट करणारा आणि एमपीएससीचा फॉर्म भरायचा ध्यास असलेला तरुण. शहाद्या-तळोद्याकडची, मुलं मोठी झाल्यावर 'आता माझं राहिलेलं पूर्ण करते' म्हणणारी ताई. घरातून, गल्लीतून त्यांना एकच वाक्य ऐकावं लागतं: "आते शिकीसन काय करशी?" त्या वाक्याला उत्तर देत बसू नका. वेळ घालवायचा असेल तर कुठून शिकायचं या प्रश्नावर घालवा, कारण इथे निवड चुकली तर तीन वर्षं हातची जातात.

वाटा मुख्यतः तीन: तालुक्याचं कॉलेज, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (पुढे नुसतं 'मुक्त विद्यापीठ') आणि दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात राहील. पूर्णवेळ काम करणाऱ्याने कॉलेजात नावापुरता प्रवेश घेऊन 'रेग्युलर' म्हणवून घेण्यापेक्षा दूरशिक्षणाची पदवी उघडपणे घ्यावी. मराठीतून शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठ, हिंदी-इंग्रजी झेपत असेल आणि बदलीची नोकरी असेल तर इग्नू.

'रेग्युलर'चा मोह

आपल्याकडे अजूनही रेग्युलर डिग्री म्हणजे खरी आणि एक्स्टर्नल म्हणजे कमी, असं मानणारे पुष्कळ आहेत. नियम तसं म्हणत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाबद्दलचे विनियम २०२० चे आहेत. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा जाहीरपणे स्पष्ट केलं. 'कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदवीधर' एवढीच अट असलेल्या परीक्षेला, मग ती राज्यसेवा असो की बँकेची, मुक्त विद्यापीठाचा आणि इग्नूचा पदवीधर बसतो.

तरीही लोक काय करतात? ओळखीने कॉलेजात नाव टाकतात, फी भरतात, हजेरीचं कसंतरी जमवतात आणि परीक्षेपुरते उगवतात. नियमित पदवीला साधारण ७५ टक्के हजेरी लागते. आता एक गोष्ट शांतपणे विचारात घ्या. तुम्ही सकाळी आठ ते चार कारखान्याच्या मस्टरवर हजर आहात आणि त्याच तारखांना, त्याच वेळेत कॉलेजच्या हजेरीपटावरही हजर आहात. उद्या सरकारी भरतीत कागदपत्रांची पडताळणी झाली, तिथे अनुभवाचा दाखला आणि पदवीची वर्षं शेजारी-शेजारी ठेवली गेली, तर उत्तर काय देणार? दाखला खोटा म्हणायचा की हजेरी? दूरशिक्षणाच्या पदवीत हा पेचच येत नाही, कारण ती काम करणाऱ्या माणसासाठीच आखलेली आहे. चांगल्या, कष्टाळू माणसांना मी या एका मुद्द्यावर अडकताना पाहिलं आहे, म्हणून इतक्या पोटतिडकीने सांगतो.

याचा अर्थ कॉलेज वाईट असा नाही. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झालं आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्याच्या कक्षेत आली. ज्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांचं नाव आज त्या विद्यापीठाला आहे. या कॉलेजांमध्ये ग्रंथालय आहे, समोर शिकवणारा माणूस आहे, आणि चाळिशीत एफवायबीएच्या वर्गात बसायला कुठला कायदा आडवा येत नाही. तुम्ही अमळनेर किंवा चोपड्यासारख्या गावातच राहता, कॉलेज सकाळच्या सत्रात आहे, तुमचं काम दुपारी सुरू होतं किंवा मुलं शाळेत गेली की तुम्ही मोकळ्या असता, तर खरोखर जाऊन बसा. समोरासमोरच्या शिक्षणाची बरोबरी पुस्तक करू शकत नाही. बसता येणार नसेल तर मात्र ते नाव टाकू नका.

काही विषयांना तर कॉलेजशिवाय मार्गच नाही. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा ही शिक्षणं दूरशिक्षणाने होत नाहीत. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहार व पोषण यांचे दूरशिक्षणाचे नवे प्रवेशही आयोगाने २०२५ च्या जुलै सत्रापासून थांबवले आहेत. 'घरबसल्या डाएटिशियन व्हा' अशी जाहिरात दिसली तर हे आठवा.

नाशिक की दिल्ली?

आता खरी तुलना. मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. इग्नू १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने झालं. मान्यतेच्या बाबतीत दोन्ही पक्की. तेव्हा 'कुठल्याची डिग्री भारी' हा वाद बाजूला ठेवा आणि भाषा व अंतर या दोनच गोष्टींवर निर्णय घ्या.

भाषेचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो. मुक्त विद्यापीठाच्या बीए-बीकॉमची पुस्तकं मराठीत आहेत आणि पेपरही मराठीत लिहिता येतो. दूरशिक्षणात शिक्षक रोज भेटत नाही. पुस्तक हाच शिक्षक. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री दहा वाजता जी भाषा डोळ्यांना सोपी जाते, तिच्यातच त्याचा अभ्यास होतो. एमपीएससीचं ध्येय असेल तर मराठीतून वाचलेला इतिहास आणि राज्यशास्त्र तिकडेही कामी येतं.

इग्नूचं साहित्य प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदीत. त्याचा दर्जा मला फार आवडतो. ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर ती पुस्तकं कुणालाही फुकट वाचता येतात, तेव्हा प्रवेशाआधी तुमच्या विषयाचा एक भाग उघडा आणि पंधरा पानं वाचून पाहा. समजत गेलं तर पुढे जा. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या, हिंदी सहज असलेल्या माणसाला अडचण येणार नाही. यावल-रावेरच्या मराठी शाळेत शिकलेल्याला हिंदी कळते खरी, पण हिंदीतून तीन तास लिहिणं हा वेगळा सराव आहे. कळतं म्हणून लिहिता येईलच असं धरून चालू नका.

अंतराचं म्हणाल तर मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तालुक्या-तालुक्याच्या कॉलेजांत आहेत. रविवारी संमंत्रण (म्हणजे मार्गदर्शनाचे वर्ग), गृहपाठ, पुस्तकं, परीक्षा हे सगळं तिथून चालतं. इग्नूची केंद्रं आपल्या भागात मोजकी, आणि प्रादेशिक केंद्रासाठी पुणे, मुंबई किंवा नागपूरकडे पाहावं लागतं. मार्कशीटमध्ये चूक झाली तर जळगावहून नाशिकला रेल्वेने जाऊन एका दिवसात परत येता येतं. नंदुरबारच्या माणसाला तेच काम एसटीने करावं लागतं आणि दिवस पुरत नाही. अक्कलकुवा-धडगावच्या विद्यार्थ्याने तर अभ्यासकेंद्र निवडताना परीक्षा कुठे होते हेच आधी विचारावं. पेपरच्या दिवशी सातपुडा उतरून यायचं की नंदुरबारला कुणाकडे मुक्काम करायचा, हे प्रवेशाच्या दिवशी ठरलेलं बरं.

इग्नूचं पारडं जड होतं ते बदलीच्या नोकरीत. परीक्षेचा फॉर्म भरताना दर वेळी केंद्र निवडता येतं. आज भुसावळला, उद्या इटारसीला असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याचं शिक्षण त्यामुळे तुटत नाही. शिवाय आधीच्या वर्षाचे विषय राहिले असले तरी पुढच्या वर्षाची नोंदणी करता येते आणि तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते.

इग्नूच्या निकालात असाइनमेंटला साधारण ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असतं, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. या असाइनमेंट तयार लिहून विकत मिळतात. घेऊ नका. स्वतःच्या हाताने चार असाइनमेंट लिहिल्या की निम्मा अभ्यास झालेला असतो, आणि अनेक वर्षांनी पेन धरणाऱ्या हाताला तीन तासांच्या पेपरची सवय नेमकी तिथेच लागते. मुक्त विद्यापीठाच्या गृहपाठांचंही तेच.

परीक्षेचे महिनेही बघा. इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. शेतकरी घरात जून म्हणजे पेरणी, डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. मुक्त विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा मे-जूनच्या आसपास आली की खानदेशचं ऊन पंचेचाळीसच्या घरात असतं. दुपारचा पेपर आणि गावाहून दुचाकी, हे जमवायचं तर घरच्यांना महिनाभर आधी सांगून ठेवा की त्या दिवसांत शेताकडे दुसरं कुणी बघेल.

रोज किती वेळ लागेल

हे कुणी स्पष्ट सांगत नाही. इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक धरले तर ३६०० तास होतात, म्हणजे वर्षाला १२००, रोजचे तीन तासांहून अधिक. नोकरी आणि घर करून रोज तीन तास कुणालाच निघत नाहीत. पावणेदोन तास निघाले तर हाच अभ्यास जवळपास सहा वर्षांचा होतो. परीक्षेपुरतं वाचून कमी वेळात पास होणारे भरपूर आहेत, पण समजून शिकायचं असेल तर मिळालेली मुदत वापरायची लाज बाळगू नका. पहिल्या वर्षी एखादा विषय सोडून बाकीचे नीट करा. घाईत सगळे पेपर दिले आणि चार राहिले की मन खचतं, आणि मोठ्या वयात शिकणारी माणसं बहुतेक वेळा याच ठिकाणी सोडून देतात.

कागदपत्रं, विशेषतः बायकांची

२०२४ पासून दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइनच्या प्रवेशाआधी आयोगाच्या पोर्टलवर डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, आणि तो श्रेयांक बँकेच्या (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) एबीसी आयडीला जोडलेला असतो. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून, आधारवर निघतो. लग्न झालेल्या बाईची गाडी इथेच अडते. बारावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं. दोन वेगळ्या बायका आहेत असंच संगणकाला वाटतं.

माझा सल्ला असा की पदवी कोणत्या नावाने हवी ते आधी ठरवा. सासरच्या नावाने हवी असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र प्रवेशाच्या आधी काढा, नंतर नाही. मला स्वतःला बारावीच्या नावानेच पदवी घेणं सोपं वाटतं, कारण दहावीपासून पदवीपर्यंत सगळे कागद एका नावाचे राहतात आणि राजपत्र एकदाच जोडलं की काम भागतं. पण हा निर्णय त्या बाईचा असावा. घरातल्या पुरुषांनी तो परस्पर करू नये.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर खात्याची लेखी परवानगी आधी घ्या. ती नसल्यामुळे पदवी सेवापुस्तकात नोंदवताना खेटे घालावे लागतात.

फोनवरून येणारी डिग्री

मोबाइलवर एकदा चौकशी केली की खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांचे फोन सुरू होतात. त्यातल्या काही रीतसर मान्यतेच्या आहेत, पण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूच्या मानाने फी कितीतरी पट, वर हप्त्यांचं कर्ज. ज्याला पदोन्नतीसाठी साधी बीए हवी आहे त्याने हा खर्च का करावा, मला पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे 'एका वर्षात तिन्ही वर्षं काढून देतो' म्हणणारे एजंट. अशी पदवी नसतेच. आपल्या शेजारी बऱ्हाणपूर आणि सेंधवा आहे, म्हणून आणखी एक सांगतो: दुसऱ्या राज्याच्या राज्य विद्यापीठाला महाराष्ट्रात दूरशिक्षणाचं केंद्र चालवता येत नाही, आणि केंद्र कंत्राटाने कुणाला देणंही नियमात बसत नाही. तिकडच्या विद्यापीठाचा बोर्ड जळगावच्या किंवा धुळ्याच्या गाळ्यावर दिसला तर आत जाऊ नका. कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षी कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे, ही यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशवर्ष, दोन्ही त्यात पाहा.

बारावीच झाली नसेल तर? दूरशिक्षणात बारावीऐवजी पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीला जाण्याची पद्धत राहिली आहे, पण ज्याला भरतीत उतरायचं आहे त्याला मी बारावीच करायला सांगतो. काही जाहिराती पदवीबरोबर दहावी-बारावीही मागतात, तेव्हा ती मधली रिकामी जागा टोचते. दहावी पास असाल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बारावी देता येते. त्यात जाणारं वर्ष वाया जात नाही. अभ्यासाची सवय त्यातच परत येते. १७ नंबरची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून जवळच्या ज्युनिअर कॉलेजात पावसाळ्यातच चौकशी करा. थेट पदवीला जाणाऱ्यांनी आधार, मार्कशीट आणि नावाचे कागद जूनपर्यंत सरळ करून ठेवा, म्हणजे जुलैच्या सत्राचे प्रवेश उघडतील त्या आठवड्यात फॉर्म भरता येईल.