पेटीला कुलूप: बाहेरचं की आतलं?

हातानं लाकडी पेटी करायला घेणारे बहुतेक जण आधी लाकूड आणतात आणि कुलूप सगळ्यात शेवटी, हार्डवेअरच्या दुकानात उभ्या उभ्या निवडतात. मीही तेच केलं होतं. करायला हवं उलटं, कारण फळीची जाडी आणि झाकणाची घडण कुलपावरून ठरते.

कडी-कोयंडा आणि लटकतं कुलूप हा सोपा मार्ग. चार सुतांची, म्हणजे अर्ध्या इंचाची फळी पुरते. झाकण जरा इकडेतिकडे झालं तरी कडी बसते, आणि चुकलेलं भोक बुजवून दुसरं पाडता येतं. खोट एकच, पण मोठी. कडी लावल्यावरही तिचे स्क्रू दिसत असतील तर कुलपाला हात न लावता पेटी उघडते. म्हणून मिटल्यावर स्क्रू पट्टीखाली झाकले जातील अशीच कडी घ्या.

आतलं कुलूप देखणं. बाहेर फक्त चावीचं भोक दिसतं. पण त्यासाठी फळी सहा सुतांची हवी आणि पटाशीनं खाच पाडायला धीर हवा. प्लायवुड इथे नकोच; त्याच्या काठात स्क्रू मारला की थर सुटतात. शिसवी सुंदर, पण कठीण. नवख्याची पटाशी सारखी धार मागते. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. मी सागच घेईन.

साग घेऊनही माझी पहिली पेटी फसली. झाकण अखंड फळीचं, आठ इंच रुंद. मे महिन्यात चावी छान फिरायची. जुलैत झाकण फुगून पुढे आलं, जेमतेम अर्धं सूत, आणि कुलपाची जीभ झाकणावरच्या पट्टीत शिरेना. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळपास नाही. तेव्हा आतलं कुलूप हवं असेल तर चारही बाजूंना आतून खाचा पाडून वरची आणि खालची फळी त्यांत गोंद न लावता सैल बसवावी. पेटी सहाही बाजूंनी बंद जोडावी आणि मग झाकण करवतीनं कापून वेगळं करावं. बंद पेटी कापताना हात थरथरतो खरा, पण झाकणाची आणि पेटीची कड अशी जुळते, की मापं घेऊन केलेली कधी जुळणार नाही.

कागदपत्रांसाठी किंवा पहिलीच पेटी असेल तर कडी-कोयंडा. लेकीच्या दागिन्यांसाठी करत असाल आणि हातात एक पावसाळा असेल, तर आतलं. चोराचा विचार दोन्हीकडे सोडा, तो पेटीच उचलून नेईल.

पितळी स्क्रू मात्र थेट पिळू नका, सागात मान मोडते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळीला मेण लावून बसवा.