तोरणमाळच्या गारठ्यात फिलिपिनो तब्लेआ: वडी घ्या, घुसळणी नको

फिलिपिन्सचं ‘त्सोकोलाते’, म्हणजे तिथलं गरम चॉकलेट, पावडर ढवळून होत नाही. भाजलेलं कोको बी दळून थापलेली वडी, म्हणजे तब्लेआ, पाण्यात विरघळवायची आणि बातिरोल या लाकडी घुसळणीनं फेस आणायचा. तिथल्या बागिओ या सुमारे १५०० मीटरवरच्या डोंगरी शहरात हे थंडीचं पेय. आपलं तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, डिसेंबरातल्या पहाटेला अगदी जुळणारं.

ऑनलाइन वडी घेताना घटक वाचा. फक्त कोको हवं. वनस्पती तेल दिसलं की सोडून द्या. दळण जाडसर असतं, त्यामुळे कपाच्या तळाशी गाळ बसतो. तो दोष नाही. चहाच्या गाळणीतून गाळलंत तर मजा गाळणीतच राहील.

एका कपाला १५० मिली पाणी, ४० ग्रॅम वडी, २० ग्रॅम गूळ, ५० मिली गरम दूध. पाणी उकळलं की आच मंद करून वडी फोडून टाका आणि ढवळत राहा; हात थांबला की तळाला लागतं, मग जळका कडवटपणा जात नाही. गूळ विरघळला की खाली उतरवा, दूध त्यानंतरच. गुळासोबत दूध उकळलं तर फाटतं. शेवटी दोन मिनिटं घुसळा. खळाखळा उकळू दिलंत तर वर तेलाचे डोळे दिसतील. तेही घुसळल्यावर बरेचसे मिसळतात.

महागडी बातिरोल मागवू नका. दोन तळव्यांत फिरवायची आपली रवी तेच काम करते. फक्त ताकाची नको, तिचा आंबूस वास कोकोत उतरतो. पसरट पातेल्यातून शिंतोडे उडतात, उभट गंज घ्या.

एप्रिल-मेमध्ये मात्र ऑर्डर टाळा. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि जळगाव-भुसावळचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. वड्या चिकटून येतात, गार झाल्यावर पांढरट पडतात. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी; बिनधास्त वापरा.

तिकडे यासोबत सुमान, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात खातात. इथे मांडे नकोत, गोडावर गोड होतं. न तळलेली बट्टी बुडवून बघा, छान शोषते.

उरलेलं गार झालं की खिरीसारखं दाटतं. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर पुन्हा घुसळा.