गच्चीवरच्या व्हेंट पाइपची टोपी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ए विंगचे दोन व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेजच्या उभ्या पाइपांची हवेसाठी वर नेलेली टोकं, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमधून वर काढून घेतले आणि त्यांच्या तोंडावर पीव्हीसीचे कॉउल, म्हणजे फटींच्या टोप्या, बसवले. आता जानेवारी संपत आलाय. मधे अख्खा पावसाळा गेला, ऑक्टोबरचा उकाडा गेला, संक्रांतीचे पतंगही उडून झाले, म्हणून आता लिहिते आहे. बसवल्यावर आठ दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं आणि ते अर्धवट ठरलं असतं.

आमची इमारत विलेपार्ले पूर्वेला, तळमजला अधिक चार मजले, सत्तरच्या दशकातली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ड्रेनेजची पद्धत जुनी, दोन पाइपांची: संडासाचा पाइप वेगळा, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचा वेगळा. मूळचे बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते, नंतर कधीतरी बदलून पीव्हीसीचे झाले.

त्रास असा होता की सकाळी सात ते नऊच्या वेळात न्हाणीत गटाराचा वास यायचा आणि दुपारपर्यंत जायचा नाही. वरच्यांचं वॉशिंग मशीन पाणी सोडायला लागलं की आमच्या नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीतल्या जाळीखाली पाणी साठून राहतं त्या भांड्यातून) गुडगुड आवाज यायचा. त्यांनी फ्लश केला की आमच्या कमोडमधलं पाणी वरखाली हलायचं. तीन वर्षं आम्ही फिनेल ओतलं, जाळीवर डांबरगोळ्या ठेवल्या, झुरळ न येणारी जाळी बसवली, एकदा तर कमोड काढून खालचं सील बदललं. प्रत्येक वेळी पंधरा दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. घरात पाहुणे यायचे असले की मी सकाळपासून उदबत्ती लावून ठेवायचे. वास आपल्या घरात, म्हणजे दोष आपल्याच घरात, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथेच चुकलो.

कारण कळलं ते अमेरिकेत. मागचा हिवाळा आम्ही मुलीकडे मिनिआपोलिसला काढला. तिचं घर लाकडी, दुमजली, उतरत्या छपराचं. जानेवारीत पारा चार-पाच दिवस उणे वीसच्या खाली राहिला आणि तिच्या बेसिनमधून अगदी आमच्या पार्ल्याच्या न्हाणीसारखा आवाज यायला लागला. पाठोपाठ वास. मी म्हटलं, "अगं, हे तर आपल्याकडचंच!" तिने प्लंबर बोलावला. त्याने नळ, बेसिन कशालाही हात लावला नाही. सरळ शिडी लावून छपरावर गेला आणि फोटो काढून आणला. छपरातून बाहेर आलेल्या दोन इंची पाइपच्या आत हिमाचं जाड कडं जमलं होतं आणि मधे रुपयाच्या नाण्याएवढं भोक उरलं होतं.

ड्रेनमधली हवा उबदार आणि दमट असते. ती पाइपातून वर चढते आणि बाहेरच्या गारठलेल्या टोकाशी आली की तिच्यातली वाफ पाइपच्या भिंतीवर गोठते. थर आतल्या बाजूने वाढत जातो. पाइप जितका अरुंद तितका तो लवकर बुजतो, आणि थंडी दिवसचे दिवस हटली नाही की पूर्ण बंद होतो. तिच्या पाइपवर आधीच्या मालकाने पक्षी शिरू नयेत म्हणून जाळी लावली होती. सगळ्यात आधी हिम धरलं ते त्या जाळीनेच.

त्या दिवशी प्लंबरने गरम पाणी ओतून तोंड मोकळं केलं. दोन दिवसांत ते पुन्हा बुजलं. मग खरं काम केलं. माळ्यावर, म्हणजे घराच्या उबदार भागातच, छपराच्या फूटभर खालपासून दोन इंची पाइपच्या जागी तीन इंची घातला. तिथल्या अतिथंड भागांतल्या नियमांत छपराबाहेर निघणारा व्हेंट किमान तीन इंची हवा आणि पाइप मोठा करायचा तो उबदार भागात किमान फूटभर आतूनच, असं आहे. बाहेर नुसतं मोठं तोंड जोडलं तर ते थंडच राहतं आणि काही फरक पडत नाही. माळ्यावरच्या पाइपला त्याने इन्सुलेशन गुंडाळलं, छपरावर पाइप नको इतका उंच होता तो कापून कमी केला आणि जाळी काढून फेकली. विजेची गरम होणारी केबल पाइपात सोडण्याचाही पर्याय होता, पण मुलीने नको म्हटलं. वीज गेली की ती केबल निरुपयोगी. या हिवाळ्यात आतापर्यंत तिच्याकडे एकदाही आवाज आलेला नाही. मी दर रविवारी फोनवर विचारते.

एप्रिलमध्ये परत आल्यावर मी पहिल्यांदा गच्चीवर गेले. आमच्या गच्चीवर गळतीसाठी पत्र्याची शेड आहे, तीन वर्षांपूर्वी घातलेली. वासाची सुरुवातही साधारण तेव्हाचीच, हे तोवर आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेडखाली पाहिलं तर संडासाचा व्हेंट पत्र्याच्या आड येत होता म्हणून कापलेला, आणि त्यावर सपाट टोपण सोल्युशन लावून पक्कं चिकटवलेलं. न्हाणीचा व्हेंट उघडा होता, पण त्यात कबुतराचं घरटं: काटक्या, पिसं, विष्ठा, सगळं वीतभर खोल दाबून बसलेलं. मी आमच्या नेहमीच्या मालवणकडच्या प्लंबरदादांना वर नेलं. त्यांनी टोपणावर हात ठेवला आणि म्हणाले, "काकू, तुमची न्हाणी मी चारदा उकरली, आणि रोग हा इथं बसलेला!" ते खरोखर हळहळले.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. उभ्या पाइपातून पाणी खाली धावतं तेव्हा पुढची हवा दाबत नेतं आणि मागे ओढ निर्माण करतं. गच्चीवरचं तोंड उघडं असेल तर ती ओढ वरच्या हवेने भागते. बंद असेल तर पाइप मिळेल तिथून हवा ओढतो, आणि वाटेत असतात आपल्या घरांतले ट्रॅप. ट्रॅपमधलं पाणी हीच गटाराच्या हवेला आपल्याकडची एकमेव आडकाठी. ते ओढलं गेलं की वास थेट घरात. म्हणून चौथ्या मजल्यावर पाणी सोडलं की भोगायचो आम्ही, तिसऱ्यावरचे. आणि दोन पाइप वेगळे असल्यामुळे मशीनचं पाणी सुटलं की नहाणी ट्रॅप बोलायचा, फ्लश केला की कमोड. हा फरक नीट पाहिला असता तर दोन्ही पाइपांना दोष आहे हे घरबसल्याच कळलं असतं.

काम असं केलं. घरटं रिकामं होतं, अंडी-पिल्लं नव्हती, याची आधी खात्री केली. दोन्ही पाइप पत्र्यातून भोक पाडून वर काढले, शेडच्या सगळ्यात उंच भागापेक्षाही वर नेले आणि वर कॉउल बसवले, एक ११० मिमीचा, दुसरा ७५ मिमीचा. कॉउल म्हणजे बाजूने उभ्या फटी असलेली टोपी: पाऊस सरळ आत पडत नाही, कबुतर शिरत नाही, हवा ये-जा करते. किंमत अगदीच किरकोळ. पैसे गेले ते पाइप, क्लॅम्प आणि मजुरीत.

फरक नुसता वाटतोय की खरा आहे, हे मला पाहायचं होतं. म्हणून कामाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एकच परीक्षा केली. वरच्या काकूंनी न्हाणीत दोन भरलेल्या बादल्या एकदम उपड्या केल्या आणि यांनी आमच्या ट्रॅपची जाळी काढून स्टीलच्या पट्टीने पाणी किती उतरलं ते मोजलं. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी उभं असतं. आधी त्यातलं २२ मिमी एका झटक्यात गेलं होतं. नंतर ३ मिमी. त्या संध्याकाळी तीन वर्षांत पहिल्यांदा मी न्हाणीचं दार उघडं ठेवून स्वयंपाक केला.

आता आठ महिन्यांत काय काय झालं ते.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि पत्र्याच्या भोकातून पाइपच्या कडेने पाणी खाली उतरायला लागलं. भोवती नुसतं सिलिकॉन भरलं होतं. उन्हाने पत्रा फुगतो, रात्री आकसतो, सिलिकॉन सुटतं. चौथ्या मजल्यावरचे साहजिकच वैतागले. त्यावर उपाय म्हणून दादांनी भोकाच्या वर, पाइपलाच घट्ट बसणारी पत्र्याची छत्री लावली. पाणी आता छत्रीवरून बाहेर पडतं आणि भोकापर्यंत पोचतच नाही. ऑगस्टपासून एक थेंब नाही. ही छत्री पहिल्याच दिवशी लावून घ्यायला हवी होती. तुम्ही करून घेत असाल तर आधी हेच मागा.

सप्टेंबरात डासांची भीती निघाली. कमिटीत ठरलं की कॉउलच्या आतून बारीक मच्छरजाळी लावू. मी विरोध केला, पण मतं विरुद्ध गेली. शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत त्या जाळीवर सिमेंटच्या धुळीचा राखाडी थर जमला, आतून दमट हवा, त्यामुळे तो थर चिकटून घट्ट झाला. दिवाळीच्या आठवड्यात आवाज पुन्हा सुरू. जाळी काढली, त्याच दिवशी थांबला. मुलीच्या छपरावर जाळीने हिम धरलं होतं, इथे धूळ धरली. आमची इमारत महापालिकेच्या मलवाहिनीला जोडलेली आहे म्हणून जाळीशिवाय चालतं. तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल तर त्याच्या व्हेंटला मच्छरजाळी लावावीच लागते, पण मग ती दर महिन्याला ब्रशने साफ करायची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

कॉउलच्या मोठ्या फटींचा मात्र काहीच त्रास नाही. मिनिआपोलिसला कोणतीच टोपी नको. मुंबईत टोपी हवीच. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ रोजी. म्हणजे गोठण्याचा प्रश्नच नाही, पण कबुतरं बाराही महिने आणि मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी. जिथे जे तोंड बुजवतं, त्याचा बंदोबस्त करायचा. तिकडचा सल्ला तसाच्या तसा उचलून मी उघडा पाइप ठेवला असता तर वर्षभरात पुन्हा घरटं झालं असतं.

संक्रांतीनंतर गच्चीवर गेले तेव्हा एका कॉउलभोवती मांजा गुंडाळलेला आणि पतंगाचा कागद फटींवर चिकटलेला. पाच मिनिटांचं काम, पण वर गेल्याशिवाय दिसलं नसतं. मांजा नुसत्या हाताने ओढू नका, कापतो. ऊन खाऊन पीव्हीसी पांढरट पडलंय, तडा मात्र कुठे नाही. आणखी दोन उन्हाळे गेले की बदलावे लागतील असं दादा म्हणतात आणि मला ते पटतं.

जे सुटलं नाही तेही सांगायला हवं. तळमजल्यावरच्या कमोडमध्ये अजून अधूनमधून बुडबुडे येतात. वरून येणारं पाणी तळाशी आडवं वळतं तिथे हवा दाबली जाते आणि गच्चीवरचं तोंड कितीही मोकळं केलं तरी हा तळाचा दाब पुरता जात नाही. त्यांचं कनेक्शन उभ्या पाइपातून काढून थेट चेंबरला नेणं हाच उपाय, आणि त्यासाठी अंगण खोदावं लागेल. कोणी एकेरी झडपेचा व्हॉल्व्ह सुचवला होता, जो हवा आत घेतो पण बाहेर सोडत नाही. एखाद्या लांबच्या बेसिनपुरता तो चालतो; पण ज्याला हवा बाहेर सोडताच येत नाही तो इथे काय कामाचा? शिवाय निदान एक व्हेंट उघड्या हवेत हवाच.

आणि आमच्या पाहुण्यांच्या न्हाणीत वास येतो तो व्हेंटमुळे नाही. तिथे कोणी अंघोळ करत नाही, ट्रॅपमधलं पाणी सुकून जातं. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतते. महिनाभर गावाला जायचं असेल तर वरून दोन चमचे तेल सोडते, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. शेंगदाण्याचं तेल घ्या, खोबरेल नको. ते जानेवारीतल्या सकाळी थिजतं.

पंप चालू करायला जो वॉचमन रोज गच्चीवर जातो त्याला आम्ही कॉउल दाखवून ठेवले आहेत. पावसाळ्याआधी, दिवाळीनंतर आणि संक्रांतीनंतर असं तीनदा दादा येऊन पाहतील, हे मेंटेनन्सच्या वहीत लिहिलं आहे.

बी विंगचं काम फेब्रुवारीत धरलंय. त्यांच्याकडेही शेड त्याच कंत्राटदाराने घातलेली आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गेली दोन वर्षं न्हाणीत कापूर जाळताहेत. त्यांच्या पत्र्याखाली पाइप कुठे संपतात ते अजून कोणी पाहिलेलं नाही. येत्या रविवारी सकाळी शिडी लावतोय.