एका शब्दावर तपासलेला मेरियम-वेब्स्टर: 'वोन्टेड'

मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन इंग्रजी कोश. असा फुकटचा ऑनलाइन शब्दकोश किती पाण्यात आहे हे बघायला 'वोन्टेड' (wonted) हा इंग्रजी शब्द बरा. अर्थ सोपा आहे, नेहमीचा, अंगवळणी पडलेला. पण घसरायला जागा भरपूर.

मेरियम-वेब्स्टरची खरी कमाई समानार्थी शब्दांच्या टिपणात आहे. युज्वल, कस्टमरी, हॅबिच्युअल, वोन्टेड, अकस्टम्ड हे पाचही शेजारी ठेवून छटा वेगळ्या केल्यात. हॅबिच्युअल म्हणजे करून करून मुरलेलं, कस्टमरी म्हणजे रिवाजाला धरून. वोन्टेडमध्येही सवयच, पण बहुधा आवडीची किंवा मुद्दाम जोपासलेली. म्हणूनच 'हॅबिच्युअल लायर' चालतो, 'वोन्टेड लायर' कानाला खटकतो. 'विथ हर वोन्टेड पेशन्स', म्हणजे तिच्या नेहमीच्या धीरानं, हे मात्र चपखल. आधी हिज, हर, इट्स असलं काही आलं की शब्द नीट बसतो.

व्याकरणात मात्र कोश हात आखडता घेतो. नुसतं 'विशेषण' म्हटलं की आजच्या इंग्रजीत हा शब्द नामाला चिकटूनच येतो, हे कळत नाही. मग कोणी 'त्याला चालायची सवय होती' या अर्थानं 'ही वॉज वोन्टेड टु वॉक' लिहून बसतो. तिथे 'वोन्ट' (wont, सवय असलेला) हवा. 1611 च्या किंग जेम्स बायबलात, दानिएलच्या तिसऱ्या अध्यायात, भट्टी नेहमीच्या सातपट तापवायचा हुकूम आहे. तिथली रचना 'वॉज वोन्ट टु बी हीटेड' अशीच. गंमत म्हणजे वोन्ट हे मुळातच जुन्या इंग्रजीतल्या 'वुनियन' क्रियापदाचं, राहणे, सरावणे या अर्थाचं, कृदंत. त्यावर पुन्हा 'एड' लावणं म्हणजे रंगावर रंग.

कोशात दिलेले उच्चार अमेरिकन आणि एकाहून अधिक, ते दाखवणाऱ्या खुणाही कोशाच्या घरच्या. आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीची सवय असणाऱ्याला त्या आधी समजून घ्याव्या लागतात. आपण 'वोन्टेड'मधला ओ लांबवावा, नाहीतर ऐकणाऱ्याला 'हवा असलेला' वाटेल.

लिहिताना तर जास्तच जपावं. 'अनवॉन्टेड अटेन्शन' म्हणजे नकोसं लक्ष, 'अनवोन्टेड अटेन्शन' म्हणजे एरवी न मिळणारं. स्पेलिंगमध्ये फरक फक्त ए आणि ओचा, आणि दोन्ही शब्द खरे असल्यानं स्पेलचेक हूं की चूं करत नाही. शंका आली तर त्या जागी 'अनयुज्वल' घालून वाचावं. अर्थ टिकला तर ओ बरोबर.