सोलरचा माल कुठून घ्यावा: कंपनी, डिस्ट्रिब्युटर की बाजारातला ट्रेडर?

फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि छतावर सोलर बसवून देणारे तालुक्या-तालुक्यात दिसू लागले. वायरमन, मोटारपंपाचे दुकानदार, इन्व्हर्टर-बॅटरीचे डीलर, नोकरी सोडून आलेले डिप्लोमावाले. व्हेंडर म्हणून नोंदणी होते, पहिली चार कामं ओळखीतून मिळतात आणि मग पहिला मोठा निर्णय समोर येतो: पॅनेल आणि इन्व्हर्टर घ्यायचे कुणाकडून?

वाटा तीन आहेत. थेट कंपनी, कंपनीचा अधिकृत डिस्ट्रिब्युटर आणि बाजारातला ट्रेडर. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी 'रेडी स्टॉक' म्हणून भाव टाकणारे बहुतेक जण या तिसऱ्यातच येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. महिन्याला पंधरा-वीस घरांपर्यंत काम असेल, तर पॅनेल आणि इन्व्हर्टर अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्यावेत, वॅटमागे थोडे पैसे जास्त गेले तरी.

भाव आणि भावामागचा माल

कंपनीचा थेट भाव सगळ्यात कमी असतो, यात वाद नाही. पण तो किती मालाला मिळतो ते बघा. 3 किलोवॉटच्या घराला 545 वॅटची सहा पॅनेल लागतात. एका पॅलेटवर तीसेक पॅनेल येतात, म्हणजे पाच घरांचा माल. कंपनी बोलते कंटेनरच्या हिशेबात. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सहाशेच्या आसपास पॅनेल बसतात, म्हणजे शंभर घरं झाली. त्याचे पैसे बहुतेक वेळा माल निघायच्या आधी भरावे लागतात. माल आला की उतरवायला माणसं आणि ठेवायला गोडाऊन हवं. दोन मीटरहून लांब, तीस किलोच्या आसपास वजनाचं काचेचं पॅनेल पोत्यांसारखं रचून चालत नाही. रचताना कुणी त्यावर पाय दिला तर काच शाबूत राहते, पण आतल्या सेलला बारीक तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पुढे कमी होणाऱ्या विजेच्या युनिटमध्ये दिसतात.

कंटेनर फोडून सहा-सहा पॅनेल तुमच्या साइटवर पाठवणं, हे डिस्ट्रिब्युटरचं वरवर दिसणारं काम. त्याहून मोठं काम म्हणजे भावाची जोखीम. 2023 मध्ये जगभर पॅनेलचे भाव वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा ज्याचं गोडाऊन भरलेलं होतं, त्याला तो फटका बसला. शंभर घरांचा माल घेऊन बसलेला छोटा इन्स्टॉलर त्यातून उभा राहिला नसता. डिस्ट्रिब्युटर जो जादा भाव लावतो, त्यात या जोखमीची किंमतही आहे, आणि ती मला रास्त वाटते.

कोटेशन ताडून बघताना जीएसटी आणि भाडं धरूनच बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. जुन्या दराचं कोटेशन नव्याशेजारी ठेवलं तर सगळाच घोळ होतो.

उधारी

सूर्यघर योजनेची सबसिडी 3 किलोवॉटला जास्तीत जास्त 78,000 रुपये, आणि ती मीटर बसून सगळं चालू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होते. 'सबसिडी आली की उरलेले देतो' असं म्हणणारा ग्राहक प्रत्येक गावात भेटतो. कर्ज काढणाऱ्याचे पैसे बँकेच्या वेळेने येतात. या मधल्या काळात तुमचं भांडवल अडकतं. डिस्ट्रिब्युटर व्यवहार बसला की पुढच्या तारखेचा चेक घेऊन पंधरा दिवस, महिनाभर थांबतो. कंपनी छोट्या माणसासाठी थांबत नाही. ट्रेडरचा तो पडलेला भाव रोखीचा असतो. उधारी म्हटली की तोच भाव चढतो.

कागद, जिथे खरा फरक पडतो

सबसिडीच्या कामात डीसीआर पॅनेलच चालतं, म्हणजे पॅनेल भारतात बनलेलं आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले. आयात सेल वापरून भारतात जुळवलेलं पॅनेल बरंच स्वस्त पडतं. दोन्ही शेजारी उभी केली तर जुना मेस्त्रीही नुसत्या नजरेने सांगू शकणार नाही की डीसीआर कोणतं. फरक असतो सिरीयल नंबरात आणि त्या नंबरामागच्या कागदात.

म्हणून बिल नीट वाचा. 'सोलर पॅनेल 545 वॅट, 60 नग' एवढंच लिहिलेलं बिल सबसिडीच्या कामाला अपुरं आहे. चांगला डिस्ट्रिब्युटर चलनासोबत प्रत्येक पॅनेलच्या सिरीयल नंबरची यादी आणि कंपनीचं डीसीआर प्रमाणपत्र देतो. माल उतरला की पॅनेल स्ट्रक्चरवर चढवायच्या आधी प्रत्येकाचा बारकोड यादीशी ताडून बघा आणि फोटो काढून ठेवा. सहा पॅनेलला दहा मिनिटं लागतात. हेच नंबर पुढे योजनेच्या पोर्टलवर भरायचे असतात. एखादा नंबर जुळला नाही तर ग्राहकाची सबसिडी अडकते, आणि ग्राहक तुमच्या दारात येतो. ट्रेडरने माल दुसऱ्या ट्रेडरकडून उचललेला असतो, त्याच्या हातात ती यादी असेलच असं नाही. चार दिवस 'पाठवतो, पाठवतो' ऐकायची तयारी ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट एएलएमएम, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या मॉडेलची यादी. ती 1 एप्रिल 2024 पासून पुन्हा लागू झाली आणि सबसिडी नसलेल्या नेट मीटरच्या (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेण्याच्या) कामालाही ती बघावी लागते. नुसतं कंपनीचं नाव यादीत असून भागत नाही, मॉडेल असायला हवं. सेलसाठीही अशीच यादी लागू करायची तारीख सरकारने 1 जून 2026 ठरवली. असा नियम बदलला की बसत नसलेला माल बाजारात एकदम स्वस्त निघतो. असा भाव कानावर आला तर आधी मॉडेल नंबर मागा, मग दराचं बोला.

वॉरंटी, म्हणजे जुलैमधला फोन

पॅनेलला साधारण दहा-बारा वर्षांची वस्तूची आणि पंचवीस-तीस वर्षांची वीजनिर्मितीची हमी असते. इन्व्हर्टरला ब्रँडप्रमाणे पाच ते दहा वर्षं. योजनेत पाच वर्षांची देखभाल व्हेंडरच्या गळ्यात आहे, हे नवी मंडळी विसरतात.

पॅनेल फारसं बिघडत नाही, बिघडतो तो इन्व्हर्टर. भर पावसात ग्राहकाचा फोन येतो, 'लाल दिवा लागलाय'. तुम्ही जाता, डिस्प्लेवर इन्सुलेशन फॉल्ट, म्हणजे कुठेतरी वीज गळते आहे. आधी कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, केबल कुठे पत्र्याला घासून सोलली आहे का, ते बघायचं. तिथे काही सापडलं नाही तर कंपनीकडे तक्रार. मग कंपनी मागते इन्व्हर्टरचा सिरीयल नंबर, खरेदीचं बिल, स्ट्रिंगचा, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचा डीसी व्होल्टेज मीटरवर दाखवणारा व्हिडिओ, अर्थिंगचा फोटो. अधिकृत डिस्ट्रिब्युटरचं बिल असेल तर तक्रार सरळ पुढे सरकते, आणि बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या स्टॉकमधला इन्व्हर्टर तात्पुरता लावून देतो. घर बंद राहत नाही. बिल तीन हातांतून आलेल्या ट्रेडरचं असेल, तर 'हा माल आमच्या कुठल्या डिस्ट्रिब्युटरकडून गेला?' इथूनच चौकशी सुरू होते. ग्राहकाचा एक महिना वाया जातो आणि त्याच्या गल्लीतली पुढची दोन कामं तुमच्या हातून जातात. खरेदीत वाचवलेले चार पैसे त्यात कितीतरी वेळा निघून जातात.

डिस्ट्रिब्युटरही पारखून घ्यावा

सगळेच चांगले नसतात. काही जण स्वतःच थेट घरमालकांना विकतात आणि तुमच्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा कमी दर देतात. अशांना ग्राहकाचा पत्ता देऊन साइटवर माल मागवू नका. काही जण कमी वॅटचा जुना साठा गळ्यात मारतात. बहुतेकांकडे एक-दोन ब्रँडच असतात, त्यामुळे दुसरा ब्रँड मागितला की तो कसा वाईट आहे तेच ऐकायला मिळतं. शिवाय अंतर. डिस्ट्रिब्युटर नागपूरला आणि तुमचं काम गडचिरोलीत असेल, तर सहा पॅनेलचं भाडं सगळा फायदा खातं. तिथे दोन-तीन इन्स्टॉलरनी मिळून एक पॅलेट मागवावं.

स्ट्रक्चर, एसीडीबी-डीसीडीबी (एसी आणि डीसी बाजूच्या फ्यूज-स्विचच्या पेट्या), अर्थिंग रॉड, लाइटनिंग अरेस्टर हे जवळच्या बाजारातून घ्यायला हरकत नाही. डीसी केबल मात्र सोलरसाठीचीच घ्या. साधी वायर उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकते.

थेट कंपनीकडे जायची वेळ येते ती एखाद्या कारखान्याचं 300 किलोवॉटचं काम मिळालं तर. त्याला साडेपाचशे पॅनेल लागतात, जवळजवळ एक कंटेनर. तेव्हा पॅनेल कंपनीकडून मागवा, इन्व्हर्टर तरीही डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या.

नवं खातं उघडताना कंपनीचं अधिकृत पत्र मागा आणि कंपनीच्या विभागीय कार्यालयात फोन करून खात्री करा. त्याच्याकडून माल घेणाऱ्या दोन इन्स्टॉलरना विचारा की शेवटचा बिघडलेला इन्व्हर्टर किती दिवसांत बदलून मिळाला. पहिली ऑर्डर एकाच घराची द्या आणि सिरीयल नंबरची यादी न मागता येते का ते बघा.