'ओरिजिनल ड्युको'च्या नावाखाली

जुन्या गाडीला जुन्याच पद्धतीचा लॅकर मारून घ्यायचा बेत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे पैसे तर गेलेच, पण पैशांचं एवढं काही नाही. गाडीवर सत्तर वर्षं टिकलेला कंपनीचा मूळ रंग गेला, तो कुठल्याच किमतीला परत येणार नाही.

गाडी १९५४ ची शेवरोले, फिकट हिरवी. वडिलांची. बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्ड उन्हाने भेगाळली होती, आटलेल्या तळ्याच्या तळासारखी. दरवाजे, टप, डिकी मात्र शाबूत. वरून खडूसारखी पांढुरकी झालेली, पण कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) लावून हात चालवला की आतून तोच ओलसर हिरवा वर यायचा. म्हणून मी ठरवलं, बिघडलं आहे तेवढंच रंगवायचं आणि तेही मूळच्या जातीच्या रंगाने. नायट्रोसेल्युलोज लॅकर.

याला निव्वळ हौस म्हणू नका, त्यात हिशेब होता. लॅकर फक्त थिनर उडून वाळतो. आत रासायनिक बांधणी होत नाही, त्यामुळे वीस वर्षांनीही त्यावर थिनर पडला की तो विरघळतो. नवा हात जुन्यात मुरतो, सांधा राहत नाही. अर्धं मडगार्ड रंगवून उरलेलं अर्धं जुनं ठेवता येतं. आजच्या टू-के पीयूमध्ये, म्हणजे दोन डबे मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगात, हार्डनर पडतो, साखळ्या जुळतात आणि एकदा घट्ट झाला की वाळलेल्या थराला थिनर काही करू शकत नाही. टिकाऊपणात पीयू कितीतरी सरस आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या लॅकरच्या मध्यावर तो मिसळत नाही, कुठेतरी कड सोडावीच लागते. ही कड लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता 'ड्युको' या शब्दाबद्दल, कारण माझी सगळी फसवणूक त्या एका शब्दावर उभी होती. ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं व्यापारी नाव. त्याआधी गाडीवर व्हार्निशचे हात चढायचे आणि वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. फोर्डने मॉडेल टी बरीच वर्षं फक्त काळी विकली. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड ही जनरल मोटर्सची गाडी ड्युकोच्या निळ्या रंगात आली आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. शेवरोलेही त्याच घरातली. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ॲक्रिलिक लॅकर घेतला, म्हणजे माझ्या गाडीवर नायट्रोसेल्युलोजच. आज मात्र कपाटाला गनने मारलेल्या कुठल्याही रंगाला लोक ड्युको म्हणतात. शब्द उरला, माल गेला.

माल जाण्यालाही कारण आहे. लॅकर फवारताना त्यातला मोठा भाग थिनर म्हणून हवेत जातो. युरोपात २००४ च्या निर्देशाने गाड्या रंगवायच्या मालातल्या अशा द्रावकांवर मर्यादा आणली आणि २००७ पासून ती लागू झाली. ऐतिहासिक मोलाच्या गाड्यांसाठी मोजक्या प्रमाणात परवान्याची सूट तिथे ठेवलेली आहे. पण आधुनिक गाड्यांचं काम पीयूवर गेल्यावर हा माल ठेवणार कोण? दुर्मीळ वस्तू शोधणारा माणूस दिसला की बाजाराला वास येतो, तो वेगळाच.

आधी दोन ठिकाणी जेमतेम वाचलो. एकाने फर्निचरच्या एनसी लॅकरमध्ये रंग कालवून 'तोच तो' म्हणून दाखवला. जात नायट्रोसेल्युलोजचीच, पण तो माल घरातल्या लाकडासाठी केलेला असतो. उन्हात तापणाऱ्या पत्र्यावर तो पिवळा पडतो आणि तडकतो. दुसऱ्याचा रंग काचेवर लावला, तर तासाभरानेही बोटाला चिकटत होता. साधा सिंथेटिक इनॅमल. लॅकर दहा-पंधरा मिनिटांत बोट लावण्याइतका वाळायलाच हवा. ही परीक्षा मी शिकलो होतो, म्हणूनच तिसऱ्याकडे गेलो तेव्हा अंगात शहाणपण जरा जास्त होतं.

तिसरा गोड होता. वयस्क, हातावर जुन्या रंगांचे डाग, सगळे त्याला उस्ताद म्हणत. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "साहेब, हिला पीयू मारला तर पाप लागेल." मी तिथेच विरघळलो.

"ओरिजिनल ड्युको आहे तुमच्याकडे?"

"जुना स्टॉक. देत नाही कुणाला. तुम्ही कदर करणारे दिसता."

मग त्याने फळीवरून एक पत्रा काढला. वहीच्या पानाएवढा, मरून रंगाचा, आरशासारखा. सोबत कापूस आणि थिनरची बाटली. "घासून बघा. इथे, खालच्या कडेला." मी घासलं. कापूस लालभडक झाला, पत्र्यावर पुसट ठिपका उमटला. शेजारी तसेच आणखी काही ठिपके होते. मी ते पाहिले आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

तरी मी डबाही तपासला, एवढं श्रेय मला द्या. हिरवा रंग काचेवर लावला, दहा मिनिटांत वाळला. थिनरने पुसला, निघाला. दोन्ही परीक्षा पास. चुकलो कुठे, तर वाळल्यावर तो दिसतो कसा याकडे लक्षच दिलं नाही. काचेवरचा तो पट्टा पाटीवरच्या खडूसारखा निस्तेज होता. मी विचारलं, तर म्हणाला, "रबिंग केल्याशिवाय ड्युकोला चमक येते का कधी?" अर्धसत्य यालाच म्हणतात. लॅकरची खरी चमक रबिंगनेच येते, पण न घासताही त्याला अंगचं थोडं तेज असतं. पूर्ण निस्तेज वाळणारा आणि थिनरने निघणारा रंग म्हणजे आजचा बेसकोट. तोही थिनर उडूनच वाळतो, म्हणून काचेवर तो लॅकरचं सोंग बेमालूम वठवतो. त्याच्यावर क्लिअर, म्हणजे हार्डनर घातलेल्या पीयूचा पारदर्शक, चकचकीत थर मारायचा असतो.

ठरलं ते असं: बॉनेट आणि पुढची मडगार्ड पत्र्यापर्यंत उतरवायची, लांबी (पुट्टी) भरायची, लॅकर प्रायमर, मग रंगाचे आठ हात, मध्ये मध्ये पाणी-पेपर. बाकी गाडीला फक्त पॉलिश. पीयूच्या दराच्या तिप्पट. कच्च्या बिलावर त्याने लिहिलं, 'ड्युको पेंटिंग, पूर्ण'.

गाडी नवव्या दिवशी तयार झाली.

इथेच मला घाम फुटायला हवा होता. लॅकरचे हात लवकर वाळतात खरे, पण थर नंतर आठवडेच्या आठवडे आवळत राहतो. घाई करून रबिंग केलं तर महिन्याभराने खालच्या पेपरचे ओरखडे वर डोकावतात. चांगला कारागीर शेवटच्या हातानंतर गाडी नुसती उभी ठेवतो. शिवाय त्या आठवड्यात हवा इतकी दमट होती की भिंती ओलसर लागत होत्या. थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो, अशा हवेत त्यावर बाष्प धरतं आणि लॅकर दुधासारखा पांढरा पडतो. मंद थिनर घालावा लागतो किंवा सरळ थांबावं लागतं. उस्ताद थांबला नव्हता आणि गाडीवर पांढुरक्याचा लवलेशही नव्हता. मी त्याला कसब समजलो.

मधे एकदा चक्कर मारली होती, तेव्हा टेबलावर रंगाच्या डब्याशेजारी एक लहान डबा दिसला. लेबल खरवडलेलं.

"हे काय?"

"ड्रायर. लवकर सुकायला."

लॅकरला दुसरा डबा लागतच नाही. रंग आणि थिनर, खेळ खलास. तो हार्डनर होता. आणि ही गोष्ट पैशांपेक्षा गंभीर आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, फवाऱ्यातून ते छातीत गेले तर कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तिथली दोन पोरं तोंडाला रुमाल बांधून गन चालवत होती. मी शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होतो.

गाडी घेताना दरवाजांवरही नवी झळाळी दिसली. "मॅचिंगसाठी जराशी धूळ मारली," तो म्हणाला. गाडी इतकी सुंदर दिसत होती की मी वाद घातला नाही. खरं सांगतो, तशी ती आजही दिसते. हाताला कसब आहे त्या माणसाच्या, त्यात वाद नाही.

चार महिन्यांनी बॉनेटवर खडा उडाला. तांदळाच्या दाण्याएवढा टवका. मला उलट बरं वाटलं, लॅकरची मजा अनुभवायची संधी. उरलेल्या डब्यातला रंग पातळ करून बारीक ब्रशने टवक्यात थेंब थेंब भरला, वाळू दिला, पुन्हा भरला. दोन दिवसांनी दोन हजार नंबरच्या पेपरने सपाट करून कंपाउंड लावलं. ठिपका निस्तेज. आणखी घासलं. तरी निस्तेज, चकचकीत बॉनेटवर देवीच्या व्रणासारखा. आणि फडक्यावर ठिपक्यापुरता हिरवा डाग, बाकी सगळी पांढरी पूड. ज्या रंगावर क्लिअर नसतो तो घासला की फडकं त्याच रंगाचं होतं. माझं बाकी सगळं पांढरंच राहिलं.

(फडक्यावर एकट्यावर विसंबू नका. पीयू एकाच थराचा, क्लिअरशिवायचा असेल तर फडकं रंगतं आणि तुम्ही फसाल. खरी साक्ष थिनरची. तीही रंग चांगला पिकल्यावर, नाहीतर ताजा पीयू आणि ताजा इनॅमलही थोडा मऊ पडतो.)

मग कापूस थिनरमध्ये बुडवून ठिपक्यावर ठेवला. माझा ठिपका क्षणात साफ निघाला. भोवतीच्या रंगावर ओरखडाही नाही. अर्धा मिनिट दाबून धरला, एक मिनिट धरला. मख्ख. तसाच दरवाजावर गेलो. तोही मख्ख. टप, डिकी, सगळीकडे तेच. दरवाजे मी स्वतः रंगकामाआधी घासले होते, तेव्हा कापूस हिरवा व्हायचा.

तेव्हा ती कड आठवली. पीयू जुन्यात मिसळत नाही, सांधा लपवायचा तर क्लिअर सगळ्या गाडीवर ओढावा लागतो आणि तो धरावा म्हणून खालचा थर आधी पेपरने घासावा लागतो. म्हणजे 'जराशी धूळ' म्हणजे संपूर्ण गाडी. मूळ लॅकर घासला गेला आणि उरलेला क्लिअरखाली गाडला गेला. वरचा थर उतरवायला जाल तर खालचा त्याच्या आधी निघेल, कारण विरघळणारा तोच आहे.

उस्तादाकडे गेलो, तेव्हा तो भांडला नाही. चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "बिलावर काय लिहिलंय? ड्युको. गनने मारला ना? मग ड्युकोच." आणि बोलीभाषेत हे खरंही आहे. कारागिराला विचारा, सुताराला विचारा, तेच सांगतील. बिलावर 'नायट्रोसेल्युलोज लॅकर, एकाच डब्यातला, हार्डनर नाही, क्लिअर नाही' असं लिहून घेतलं असतं, कुठल्या पॅनलला हात लावायचा नाही हे नावानिशी लिहिलं असतं, तर माझ्याकडे धरायला काहीतरी असतं. शिवाय गाडीबरोबरच, त्याच गनने, त्याच दिवशी माझ्यासमोर एक पत्रा रंगवून घ्यायला हवा होता. त्याने दाखवलेला पुरावा त्याच्या नमुन्याचा होता, माझ्या गाडीचा नव्हे.

पैसे मिळाले नाहीत. रागाच्या भरात निघताना फळीवरचा तो मरून पत्रा उचलून आणला. तो बघत राहिला, बोलला नाही.

सध्या एक जुनं मडगार्ड पत्र्यापर्यंत उतरवून स्वतः शिकतोय. खरा लॅकर शेवटी मिळाला, लेखी तांत्रिक माहितीसकट. दोन हात बरे बसले, तिसऱ्याला हवा दमट होती, पांढरा पडला, पुन्हा घासला. थिनरने भिजलेली आणि रंग वाळलेली फडकी कोपऱ्यात साठवायची नाहीत हे आधी शिकलो. नायट्रोसेल्युलोज भडकन पेटतं.

परवा उस्तादाचा फोन आला. आवाजात तोच गोडवा. "साहेब, तेवढा नमुना परत द्या की. गिऱ्हाइकाला दाखवायला काही नाही, काम अडलंय."

पत्रा माझ्या कपाटावर आहे. उजेडात तिरका धरला की खालच्या कडेला ओळीने नऊ पुसट ठिपके दिसतात. शेवटचा माझा.